शेतकरी पंतप्रधान विन्सेंती वितोस

युरोप खंडाच्या मध्यभागी पोलंड नावाचा देश आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या देशातील सुमारे पाच हजार निर्वासितांना कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आश्रय मिळाला होता. तेव्हा महाराष्ट्राला हा देश अगदीच अपरिचित म्हणता येत नाही. याच पोलंडात तुटपुंज्या जमिनीच्या एका शेतकऱ्याच्या पोटी जन्मास आलेला आणि चार इयत्तांपलीकडे शाळेचे तोंड न पाहिलेला एक मनुष्य तीन वेळा देशाचा पंतप्रधान झाला. अधिकारपदावर असतानाही त्याने शेती सोडली नाही आणि अधिकार गेल्यावर तुरुंगाची वाट धरावी लागली तेव्हाही मान लवविली नाही. त्याचे नाव विन्सेंती वितोस.

वितोस यांचा जन्म १८७४ च्या जानेवारी महिन्यात व्येश्खोस्वावित्से या खेड्यात झाला. दुनायेत्स नदीच्या काठी, तार्नुव शहरापासून जवळच हे गाव वसलेले आहे. त्या काळी पोलंड हा देश नकाशावर नव्हताच. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन बलाढ्य शेजाऱ्यांनी १७७२ ते १७९५ या अवधीत त्याचे लचके तोडून आपापसात वाटून घेतले होते. वितोस यांचे गाव ज्या गॅलिशिया प्रांतात होते, तो ऑस्ट्रियाच्या वाट्यास आला होता.

या प्रांतातील शेतकऱ्यांची स्थिती नीट समजून घेतल्यावाचून वितोस यांच्या कार्याचे मोल कळणार नाही. शतकानुशतके तेथील शेतकरी जमीनदाराच्या जमिनीला जखडलेला होता. आठवड्यातील ठरावीक दिवस त्याने मालकाच्या शेतावर वेठीने राबावयाचे आणि उरलेल्या वेळात आपल्या तुकड्यावर पोट भरावयाचे, असा रिवाज होता. १८४६ साली पोलिश सरदारांनी ऑस्ट्रियाविरुद्ध स्वातंत्र्याचा उठाव करण्याचे ठरविले, तेव्हा तार्नुवच्या परिसरातील शेतकरी स्वातंत्र्यासाठी उठण्याऐवजी त्या सरदारांवरच तुटून पडले. जमीनदारांचे वाडे जाळण्यात आले व सुमारे एक हजार माणसे प्राणास मुकली. पुढे दोनच वर्षांनी, १८४८ साली, ऑस्ट्रियाच्या सरकारने वेठबिगार रद्द केली. परिणाम असा झाला की, शेतकऱ्याच्या मनात परका सम्राट हा त्राता ठरला आणि पोलंडचे स्वातंत्र्य म्हणजे जमीनदारांची वेठ पुन्हा मानेवर येणे, अशी भीती घर करून बसली. देश हा आपला आहे, असे त्याला कोणी कधी वाटूच दिले नव्हते.

वितोस यांचे घर एका खोलीचे होते. वडिलांची जमीन तीन एकरांहूनही कमी. तेवढ्यावर कुटुंबाचे भागणे शक्यच नव्हते. बटाटे, कोबी आणि राय नावाच्या धान्याची भाकरी हा त्या भागातील गरिबांचा आहार. परंतु नवे पीक हाती येण्यापूर्वीचे वसंतातील दिवस असे येत की, तेवढेही घरोघरी उरत नसे. वडील जंगलात लाकूडतोडीच्या कामास जात. ती जंगले संगुश्को नावाच्या सरदार घराण्याची होती. छोटा विन्सेंती गुरे राखी आणि पुढे हातात करवत पेलू लागताच तोही वडिलांच्या जोडीला जंगलात जाऊ लागला.

दहाव्या वर्षी त्याचे नाव गावच्या शाळेत घालण्यात आले. चार वर्षांनी ही शाळा संपली. शहरात जाऊन पुढे शिकण्याची ऐपत कुठली? परंतु वाचनाची गोडी एकदा लागली ती कायमची. दिवसभर लाकडे तोडावयाची आणि मिळेल ते पुस्तक, मिळेल ते वर्तमानपत्र वाचून काढावयाचे, असा क्रम सुरू झाला. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १८९३ मध्ये, शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या एका पत्रात त्यांचा पहिला लेख टोपणनावाने छापून आला. खेड्यातील मजुराने वर्तमानपत्रात लिहिणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. त्यानंतर दोन वर्षे त्यांना ऑस्ट्रियाच्या सैन्यात सक्तीची नोकरी करावी लागली. परत आल्यावर १८९८ साली कातार्झिना नावाच्या गावातीलच मुलीशी त्यांचा विवाह झाला. दोघांनी मिळून जमीन कसली, काटकसर केली, आणि हळूहळू थोडीथोडी जमीन वाढविली. वितोस पुढे देशाच्या कारभारात गुंतले, तेव्हा ही शेती प्रामुख्याने पत्नीने व मुलीने सांभाळली, हे विसरता कामा नये.

१८९५ साली गॅलिशियात शेतकऱ्यांचा एक राजकीय पक्ष स्थापन झाला होता. वितोस त्यात सामील झाले. त्यांच्या वक्तृत्वात अलंकार नसत. शेतकऱ्याला जे रोज सोसावे लागते तेच ते त्याच्याच भाषेत मांडीत, आणि ऐकणाऱ्याला हा आपल्यापैकीच एक आहे, याविषयी शंका उरत नसे. १९०८ साली ते ल्वुव येथील प्रांतिक विधिमंडळावर निवडून आले. १९११ साली व्हिएन्ना येथील साम्राज्याच्या संसदेतही त्यांनी प्रवेश मिळविला.

मात्र यांपेक्षा लहान दिसणारे एक पद त्यांनी १९०९ साली स्वीकारले, ते आपल्या गावच्या मुखत्यारीचे. आपल्याकडील सरपंचासारखे हे पद होय. ते त्यांनी १९३१ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, सांभाळले. या काळात ते व्हिएन्नाच्या संसदेत बसले, वॉर्साच्या संसदेत बसले, पंतप्रधान झाले. पण गावचे मुखत्यारपद सोडले नाही. रस्ते, शाळा, गावकऱ्यांना एकत्र बसण्यासाठी लोकगृह अशा कामांत ते लक्ष घालीत. देशाचा पंतप्रधान आणि एका खेड्याचा कारभारी एकच मनुष्य असावा, असे उदाहरण इतिहासात क्वचितच सापडेल.

१९१४ साली शेतकरी पक्षात फूट पडली. वितोस ज्या गटात राहिले, त्याला त्याच्या मुखपत्रावरून प्यास्त हे नाव मिळाले. प्यास्त हा पोलंडच्या पहिल्या राजघराण्याचा मूळ पुरुष, आणि दंतकथेप्रमाणे तो एक साधा कुणबी होता. देशाचा आरंभच एका शेतकऱ्यापासून झाला, हा त्या नावातील अर्थ कोणासही समजण्याजोगा होता.

त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. चार वर्षांनी ते संपले, तेव्हा पोलंडची वाटणी करणाऱ्या तिन्ही सत्ता कोसळल्या होत्या. १९१८ च्या ऑक्टोबर महिन्यात गॅलिशियाचा कारभार ऑस्ट्रियाकडून ताब्यात घेण्यासाठी क्राकुव येथे एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष वितोस झाले. ज्या परक्या राज्याने लाकूडतोड्याच्या मुलाला सक्तीने शिपाई केले होते, त्या राज्याची सत्ता उतरवून घेणाऱ्या समितीच्या अग्रभागी तोच मुलगा उभा होता. नोव्हेंबर १९१८ मध्ये पोलंड स्वतंत्र झाला आणि योझेफ पिल्सुद्स्की हे राष्ट्राचे प्रमुख बनले.

नव्या संसदेत सर्वांत बिकट प्रश्न जमिनीचा होता. एका बाजूस हजारो एकरांचे धनी आणि दुसऱ्या बाजूस लक्षावधी भूमिहीन, असा तो देश होता. मोठ्या जमीनदारांकडील मर्यादेबाहेरची जमीन घेऊन ती शेतकऱ्यांस द्यावी, असा ठराव १९१९ च्या जुलै महिन्यात संसदेपुढे आला, आणि तो अवघ्या एका मताच्या आधिक्याने संमत झाला. त्याचा कायदा होण्यास आणखी एक वर्ष लागले. तो झाला तोही शत्रू दाराशी आल्यावर.

हा शत्रू म्हणजे रशियातील नवे बोल्शेविक सरकार. सरहद्दीच्या प्रश्नावरून सुरू झालेल्या युद्धात १९२० च्या उन्हाळ्यात पोलिश सैन्य मागे हटू लागले. लाल सेना दर दिवसाला मैलोगणती पुढे सरकत राजधानी वॉर्साच्या रोखाने येत होती. पोलिश शेतकऱ्यांनी व कामगारांनी आपल्या जमीनदारांचे राज्य उलथून टाकावे, असे आवाहन ती करीत होती. १८४६ ची आठवण ज्यांना होती, त्यांच्या अंगावर काटा उभा राहिला असल्यास नवल नाही. शेतकरी या वेळी कोणाच्या बाजूस उभा राहील? सैन्यात भरती व्हावयाची होती ती खेड्यांतून, आणि सैन्याला धान्य मिळावयाचे होते तेही खेड्यांतूनच.

अशा वेळी सर्व प्रमुख पक्षांचे एक राष्ट्रीय संरक्षण सरकार बनविण्याचे ठरले, आणि २४ जुलै १९२० रोजी त्याचे नेतृत्व वितोस यांच्याकडे सोपविण्यात आले. समाजवादी पक्षाचे पुढारी इग्नात्सी दाशिन्स्की उपपंतप्रधान झाले. पंतप्रधानांच्या कचेरीत वितोस आले ते गुडघ्यापर्यंतचे शेतकरी बूट घालून. सदऱ्याची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली, परंतु गळ्यात टाय नाही. परदेशी वकिलांच्या स्वागताच्या प्रसंगीही हाच वेष असे. शहरातील नाजूक मंडळींनी त्याची टवाळी केली, वर्तमानपत्रांत व्यंगचित्रे आली. वितोस यांनी वेष बदलला नाही. यात थोडा हट्ट होता, आणि राजकारणी पुरुषाचा धोरणीपणाही होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु खेड्यातील माणसाला त्या बुटांचा अर्थ चटकन कळे. आपल्यासारखेच बूट घालणारा मनुष्य त्या वाड्यात बसला आहे, एवढे त्याला पुरे होते.

वितोस यांनी देशभरातील शेतकऱ्यांना उद्देशून एक आवाहन प्रसिद्ध केले. हे राज्य आता सरदारांचे नसून तुमचे आहे, ते बुडाले तर तुमची जमीन आणि तुमचे स्वातंत्र्य दोन्ही बुडतील, असा त्याचा आशय होता. आवाहनाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते स्वतः आघाडीवर जाऊन सैनिकांना भेटले. खेड्यापाड्यांतील तरुण सैन्यात दाखल झाले. जी भीती मनात होती, ती खरी ठरली नाही. तीन पिढ्यांपूर्वी ज्या शेतकऱ्यांनी स्वातंत्र्याकडे पाठ फिरविली होती, त्यांचीच मुले आता त्यासाठी लढावयास निघाली.

या दिवसांतील एक प्रसंग वितोस यांच्या स्वभावावर पुष्कळ प्रकाश टाकतो. निर्णायक लढाईच्या तोंडावर, १२ ऑगस्ट रोजी, आघाडीकडे निघण्यापूर्वी पिल्सुद्स्की यांनी राष्ट्रप्रमुखपदाचा व सरसेनापतिपदाचा राजीनामा लिहून वितोस यांच्या हाती दिला. तो कागद त्या क्षणी बाहेर फुटता तर सैन्याचा धीर खचला असता. पिल्सुद्स्की आणि वितोस यांचे फारसे सख्य नव्हते. प्रतिस्पर्ध्याला दूर सारण्याची ही आयतीच संधी होती. वितोस यांनी राजीनामा अमलात आणला नाही, की जाहीरही होऊ दिला नाही. त्यानंतरच्या काही दिवसांत वॉर्साच्या परिसरात घनघोर लढाई होऊन लाल सेनेचा पराभव झाला आणि पोलंड वाचला.

लढाईचे सेनापतित्व पिल्सुद्स्की यांचे होते आणि तिचे श्रेय त्यांना मिळाले, हे योग्यच झाले. वितोस यांचे सरकार १९२१ च्या सप्टेंबरपर्यंत टिकले. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात देशाची राज्यघटना संमत झाली व रशियाशी तहही झाला. या साऱ्या काळात सवड मिळताच वितोस आगगाडीने गावी जात, आणि दुसऱ्या दिवशी शेतात काम करताना दिसत.

यापुढील काळाचे वर्णन मात्र तितक्या समाधानाने करता येत नाही. जमिनीचा कायदा झाला खरा, परंतु नव्या राज्यघटनेतील मोबदल्याच्या कलमामुळे तो अडकून पडला. १९२३ च्या मे महिन्यात वितोस दुसऱ्यांदा पंतप्रधान झाले ते उजव्या पक्षांशी हातमिळवणी करून, आणि त्या पक्षांत जमीनदारांचे वजन मोठे होते. जमीन मिळवावयाची तर संसदेत बहुमत हवे, आणि बहुमत हवे तर तडजोड हवी, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकला. चलनाची किंमत इतकी घसरली की एका डॉलरला लक्षावधी मार्क मोजावे लागत. कामगारांचे पगार हातात पडेपर्यंत निरुपयोगी होत. देशभर संप झाले. ६ नोव्हेंबर रोजी क्राकुवच्या रस्त्यांवर कामगार आणि सैन्य यांच्यात चकमक होऊन तीसहून अधिक माणसे मरण पावली. गरिबांच्या घरातून आलेल्या पंतप्रधानाच्या कारकिर्दीत गरिबांवर गोळी चालावी, हा डाग पुसता येण्याजोगा नाही. डिसेंबरमध्ये त्यांच्याच पक्षातील एक गट जमिनीच्या प्रश्नावरून फुटून निघाला आणि सरकार पडले. जमीनवाटपाचा पुढचा कायदा व्हावयास १९२५ चा डिसेंबर उजाडला.

१० मे १९२६ रोजी वितोस तिसऱ्यांदा पंतप्रधान झाले. हे सरकार अवघे पाच दिवस टिकले. संसदेच्या कारभाराला विटलेले पिल्सुद्स्की १२ मे रोजी सैन्याच्या तुकड्या घेऊन वॉर्सावर चालून आले. तीन दिवस राजधानीत पोलिश सैनिक पोलिश सैनिकांवर गोळ्या झाडीत होते, आणि सुमारे पावणेचारशे माणसे मृत्युमुखी पडली. लढाई लांबविली असती तर सारा देश यादवीत होरपळला असता. राष्ट्राध्यक्ष वोय्त्सेहोव्स्की आणि पंतप्रधान वितोस यांनी पदत्याग केला. सहा वर्षांपूर्वी ज्याचा राजीनामा वितोस यांनी लपवून ठेवला होता, त्याच्याच हाती आता सारी सत्ता गेली.

पिल्सुद्स्की यांच्या एकतंत्री कारभाराविरुद्ध शेतकऱ्यांचे, कामगारांचे व मध्यममार्गी पक्ष १९२९ साली एकत्र आले. निवडणुका होणार होत्या. त्यापूर्वीच १९३० च्या सप्टेंबरात विरोधी पुढाऱ्यांना मध्यरात्री उचलून ब्रेस्तच्या लष्करी किल्ल्यात डांबण्यात आले. त्यांत छप्पन्न वर्षांचे वितोस होते. तेथे कैद्यांचा छळ व अपमान करण्यात आला. माजी मंत्र्यांना शौचकूप साफ करावयास लावले गेले. पुढे खटला उभा राहिला तो बळाने सरकार उलथून टाकण्याचा कट केल्याच्या आरोपाखाली. खुद्द आरोप करणारे सरकार मात्र १९२६ साली बळानेच आले होते. जानेवारी १९३२ मध्ये वितोस यांना दीड वर्षाच्या कैदेची शिक्षा झाली. अपिले फेटाळली गेल्यावर, १९३३ च्या सप्टेंबरात, त्यांनी सरहद्द ओलांडून चेकोस्लोव्हाकियात आश्रय घेतला.

साडेपाच वर्षे ते परदेशात राहिले. ज्याला चार दिवस गावापासून दूर राहवत नसे, त्याच्या वाट्यास हे आले. याच काळात त्यांनी आपल्या आठवणी लिहून काढल्या. शिक्षणाची चारच वर्षे लाभलेल्या या माणसाने लिहिलेला तो मजकूर पुढे मोठ्या ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध झाला, आणि गॅलिशियातील खेड्यांचे जीवन जाणून घ्यावयाचे तर आजही अभ्यासक त्याकडे वळतात. मायदेशातील शेतकरी त्यांना विसरले नव्हते. १९३७ च्या ऑगस्ट महिन्यात पोलंडमधील शेतकऱ्यांनी दहा दिवसांचा संप केला. धान्य, दूध, भाजी असे काहीही त्यांनी शहरांच्या बाजारात नेले नाही. लोकशाही परत आणा आणि परदेशी गेलेल्या पुढाऱ्यांवरील शिक्षा रद्द करा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. पोलिसांच्या गोळीबारात चाळीसहून अधिक शेतकरी ठार झाले.

१९३९ च्या मार्चमध्ये जर्मनीने चेकोस्लोव्हाकिया गिळंकृत केला. आता पाळी पोलंडची, हे उघड दिसत होते. वितोस आपण होऊन मायदेशी परतले व अधिकाऱ्यांपुढे हजर झाले. काही दिवस तुरुंगात ठेवून त्यांची सुटका करण्यात आली. १ सप्टेंबरला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि त्याच महिन्यात वितोस जर्मनांच्या हाती सापडले. शेतकऱ्यांवर एवढे वजन असलेला पुढारी आपल्या तंत्राने चालणारे सरकार बनवील, अशी जर्मनांची अपेक्षा होती. वितोस यांनी नकार दिला. त्याबद्दल त्यांना निरनिराळ्या ठिकाणी बंदिवासात ठेवले गेले आणि प्रकृती पार ढासळल्यावर गावीच पोलिसांच्या पहाऱ्यात राहावयास लावले. जर्मन गेले तसे रशियन आले. १९४५ च्या मार्चअखेर सोव्हिएट पोलीस त्यांना घरातून घेऊन गेले. नव्या कम्युनिस्ट राजवटीलाही त्यांचे नाव हवे होते. काही दिवसांनी त्यांना सोडले, आणि पुढे त्यांची संमती न घेताच राष्ट्रीय परिषदेच्या उपाध्यक्षपदी त्यांची नेमणूक जाहीर करून टाकली. आजारी वितोस त्या खुर्चीवर एकदाही बसले नाहीत.

३१ ऑक्टोबर १९४५ रोजी क्राकुवच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. शवपेटी क्राकुवहून व्येश्खोस्वावित्से येथे आणली गेली, तेव्हा वाटेवरच्या गावोगावचे हजारो शेतकरी दर्शनासाठी उभे होते. गावच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. त्यांचे राहते घर आणि शेतावरील गोठे-कोठारे यांचे १९७१ साली संग्रहालय झाले.

ब्रेस्तच्या खटल्यातील शिक्षा मात्र कागदोपत्री तशीच उभी होती. पोलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून वितोस व त्यांच्या सहकाऱ्यांना निर्दोष ठरविले, तेव्हा २०२३ चा मे महिना चालू होता.